अर्धा नैवेद्य

आईच्या हातातली भाकरी परातीतच फाटली. तिने ती गोळा केली, पाण्याचा हात लावून पुन्हा थापायला घेतली, पुन्हा फाटली. मग मीच तिच्यापुढची परात ओढली.

"सरक. मी करते."

"कर," आई म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली.

माझी आई चुलीपुढून अशी उठणारी बाई नव्हती. माझं लग्न होऊन दोन पोरं झाली तरी तिने माहेरात माझ्या हाती तवा दिला नव्हता, तुझ्या भाकरीला कड नसते म्हणायची. आता ती मुकाट बसली होती आणि तिच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर आपली आपण हलत होती, समईची वात वळावी तशी. मी कराडहून आले तेव्हा मला बघून ती हसली नव्हती. हसू आलं नाही असं नव्हे, ते चेहऱ्यापर्यंत पोचलंच नाही.

अण्णा उंबऱ्यात उभे होते. खांद्यावर ओलं उपरणं, हातात बेलाची परडी.

"बघितलंस? ह्यासाठी बोलावलं तुला," ते म्हणाले. "गडवा धरता येत न्हाई तिला. चालती ती पाय घासत. पन्नाशीत म्हातारी झाली. आता हिला सांभाळू का तुज्या भावाला?"

"मी हाय तवर नागू कुटं जाणार न्हाई," आई म्हणाली. आवाज एकसुरी, पण शब्द पक्के.

"तू हायस कुटं आता?" अण्णा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "शके, मी ठरवलंय. जीप सांगितलीय. साताऱ्याच्या डॉक्टराला ईचारायचं आन तितनंच त्याला येड्यांच्या इस्पितळात पोचवायचं. तू सोबत ये. एकट्याच्यानं मला व्हायचं न्हाई."

आम्ही गुरव. कृष्णाकाठच्या आमच्या गावात महादेवाचं देऊळ आहे, त्याची पूजाअर्चा आमच्या घराकडे. नागनाथ माझा पाठचा भाऊ. साताऱ्याला मास्तरकीचं शिकायला ठेवला होता, अभ्यासात हुशार. दुसऱ्या वर्षी तो एकाएकी घरी आला तो गालफडं बसलेला. खाणावळीत आपल्या ताटात काहीतरी घालतात, असं म्हणत होता. आधी आम्हाला ते खरंच वाटलं. अण्णा तर खाणावळवाल्याशी भांडूनही आले. मग तो म्हणायला लागला की गावातल्या विहिरीतही घालतात, अण्णांच्या तंबाखूतही घालतात. देवऋषी झाले, उतारे झाले, शेवटी डॉक्टर झाले. गोळ्या दिल्या तर थुंकून टाकायचा. एकदा अण्णांनी जबड्यात बोट घालून गोळी कोंबली तेव्हा त्याने ते चावून फोडलं. त्यानंतर औषधाचं सगळं आईने आपल्याकडे घेतलं. घेतो का तो, विचारलं की म्हणायची, "घेतो." कसा घेतो ते सांगायची नाही.

पण घ्यायचा हे खरं. कारण आरडाओरड थांबली होती, रानोमाळ पळणं थांबलं होतं. सभामंडपात नंदीला पाठ लावून बसायचा, मन झालं तर देऊळ झाडायचा, लहान पोरांना पाढे सांगायचा. त्यामुळे अण्णा इस्पितळाचं बोलले तेव्हा मला रागच आला. पण आईची बोटं समोरच हलत होती.

दुपारी नैवेद्य झाला. मी केलेल्या भाकऱ्या, आमटी, भात, वांग्याची भाजी. आमटी मात्र आईने मला वाढू दिली नाही. "मला कळतं त्याला किती लागती," म्हणून माझ्याकडे पाठ करून तिने स्वतः वाढली, ताटात थोडी सांडलीही. अण्णा ताट गाभाऱ्यात घेऊन गेले, पाणी फिरवलं, घंटा वाजवली आणि ते बाहेर आणून नागूसमोर ठेवलं.

आमच्या गावात महादेवाला दाखवलेलं दुसरं कुणी खात नाही, तो गुरवाचा हक्क. नागूचं सगळं जगणं त्या एका ताटावर चाललं होतं. घरातलं दुसरं काही, अगदी चहासुद्धा, तो तोंडाला लावायचा नाही. देवाच्या ताटात घालायची कुणाची छाती होणार, असं त्याचं म्हणणं. पण पुढे पुढे त्याला देवाचाही पुरता भरवसा वाटेना, तेव्हा त्याने आणखी एक नियम केला होता.

"आई, बस," तो म्हणाला.

आई त्याच्यासमोर बसली. नागूने भाकरी मधोमध मोडली. भाताच्या मुदीत बोटाने रेघ ओढली. भाजीच्या फोडी वाटल्या. आमटी दोन वाट्यांत ओतून दोन्ही वाट्या डोळ्यांपुढे धरून बघितल्या, डावीतली थोडी उजवीत घातली. मग एक वाटी आईपुढे सरकवली.

"अर्धं तुजं. आधी तू."

आईने घास घेतला. हात तोंडापर्यंत जाताना इतका हलत होता की भात पदरावर सांडला. नागू तिचा घास गिळून होईपर्यंत बघत होता. तिने वाटी तोंडाला लावून आमटी संपवली. मगच त्याने आपला घास मोडला.

दर्शनाला आलेली शेजारची काकू मला कोपराने ढोसून म्हणाली, "काय माया हाय बाई! आईबिगर घास उतरत न्हाई पोराला."

मलाही आजवर तसंच वाटत आलं होतं. वेड लागलं तरी आई विसरला नाही, एवढं तरी देवाने ठेवलं, असं मी सासरी सांगायचेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी जीप आली. आई येतेय म्हटल्यावर नागू गुपचूप बसला. आई पुढे बसेना, त्याच्याजवळच बसली. वाटेत नागू खूश होता. बाहेर बघून तो मला झाडांची नावं सांगत होता, आणि एका वळणावर म्हणाला, "ताई, तुजं मेतकूट छान होतं गं. म्हंजे वास छान होता. मी खाल्लं न्हाई." मी दर दिवाळीला घरी मेतकूट पाठवायची. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं, म्हणून मी पदराने नाक पुसलं.

डॉक्टरांकडे गर्दी होती. नागूला अण्णांपाशी बाकावर ठेवून मी आणि आई आत गेलो. डॉक्टर माझ्याकडे नाही, आईकडे बघत होते. दारापासून खुर्चीपर्यंत ती चालत आली तेवढं त्यांनी बघितलं आणि नागूचं काही विचारायच्या आधी तिचा हात हातात घेतला. कोपरात दुमडून बघितला. मुठी उघड-मीट करायला सांगितल्या.

"मावशी, हे कधीपासून?"

"वय झालं," आई म्हणाली.

"वयाचं नाही हे." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "यांना कुणी काही औषध देतं?"

"कुणी नाही," मी म्हणाले. "औषध नागूला आहे."

"ते थेंब ना? मीच दिलेत. वास नाही, चव नाही, जेवणात घालायचे." ते पुन्हा आईकडे वळले. "मावशी, कशात घालता थेंब?"

आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

"आमटीत," ती शेवटी म्हणाली.

"मग?"

आणि मग मलाच दिसलं. त्या दोन वाट्या दिसल्या, डोळ्यांपुढे धरलेल्या.

"डॉक्टर," मी म्हणाले, "तो अर्धी आमटी हिला देतो. ही आधी प्यायली की मग तो पितो. रोज."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मावशी, हे तुम्हाला माहीत होतं? तुमच्याही पोटात जातंय ते?"

"मीच घालती, मला म्हाईत नसंल व्हय?" आई म्हणाली. "सुरवातीला तुमी सांगितलं तेवढंच घालत हुते. त्येला गुण यीना. मग ध्येनात आलं, अर्धं तर मीच खाती, त्येला कुटलं पुरणार? म्हणून मग दुप्पट घालाय लागले. तवा बरा झाला."

"म्हणून तुमच्याकडची बाटली सारखी सांडायची," डॉक्टर हळूच म्हणाले.

"व्हय. तुमच्याशी खोटं बोलले."

दुखणं अंगावर काढणाऱ्या बायका मी पुष्कळ बघितल्यात, मीही त्यातलीच. पण आपण काय गिळतोय हे ठाऊक असून, आपले हात आपल्यादेखत जाताना बघत, रोज दुपारी देवाच्या दारात बसून वाटी तोंडाला लावणारी बाई मी दुसरी बघितली नाही. मला तिचे पाय धरावेसे वाटले आणि तिला बदडून काढावंसंही वाटलं.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. ज्याला हा आजार नाही त्याने हे औषध घेतलं की असंच होतं. हात कापतात, चेहरा थिजतो, पाय उचलत नाहीत. आजच थांबवलं तर बरंचसं भरून येईल. असंच चाललं तर राहिलेलं कधी परत येणार नाही. आणि नागूला इस्पितळात ठेवायची गरज नाही, महिन्याला एक सुई घेतली की थेंब नकोत.

"सुई तो घेणार न्हाई," आई म्हणाली. "चार गडी लागतील धराया. एकदा धरला की मग माज्या हातचंबी खाणार न्हाई. उपाशी मरंल. त्येच्यापरीस माजे हात जाऊ द्या."

परतीच्या वाटेवर मी अण्णांच्या कानात सगळं सांगितलं. घरात शिरल्यावर, नागू देवळात गेल्याचं बघून, ते आईसमोर उभे राहिले. ओरडतील असं वाटलं होतं.

"इतकी वर्सं तू म्हादेवाला औशिदाचा निवद दावलास?"

"त्यानं इख पचवलंय," आई म्हणाली. "त्येला थेंबांचं काय?"

अण्णा मटकन खाली बसले आणि उपरण्यात तोंड घालून रडले. त्यांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पण रडून झाल्यावर ते तेच म्हणाले: नागूला पोचवायचं. आता तर पोचवायचंच. बायको मारून पोरगा जगवायचा नाही.

मी मधे पडले. थेंब बंद करू, चार दिवस बघू, मग काय ते ठरवू. आईने 'बरं' म्हणून मान हलवली. एवढ्या लवकर हलवली तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नैवेद्याचं ताट वाढून पाणी आणायला वळले. परत बघते तर आई ताटावर वाकलेली. पिठाच्या डब्यात लपवलेली बाटली तिच्या हातात. हात इतका कापत होता की थेंब वाटीत कमी आणि ताटात जास्त पडत होते.

"आई!"

मी तिचं मनगट धरलं. वाटलं होतं, काय ताकद असणार तिच्यात. पण ती सोडेना. आम्ही दोघी चुलीपुढे, एक शब्द न बोलता, एकमेकींचे हात ओढत होतो. मी बोटं उकलून बाटली काढून घेतली आणि वळले.

दारात नागू उभा होता.

तो स्वयंपाकघरात कधी यायचा नाही. भूक लागली असेल, किंवा मी 'आई' म्हणून ओरडले ते ऐकून आला असेल. त्याने माझ्या हातातली बाटली बघितली. ताट बघितलं. मग आईकडे बघितलं.

"ह्ये काय?"

मी बाटली पदराआड केली.

"ताटात काय घातलं?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. इतकी वर्षं सगळं जग त्याला खोटं पाडत होतं आणि आता त्याला दिसत होतं की तोच खरा होता. आपण खरे ठरलो याची एवढी भीती मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिली नाही. "कुणी घातलं? आई?"

आईने तोंड उघडलं. ती खरं सांगणार होती. औषधाने तिचं बोलणंही मंद झालं होतं, शब्द ओठांवर यायला वेळ लागत होता, आणि त्या तेवढ्या वेळात मी बोलले.

"मी घातलं."

नागू माझ्याकडे बघत राहिला.

"तू?"

"हो. मी."

"तू तर कराडला असतीस."

"मेतकुटातनं पाठवायची. आई तेच आमटीला लावायची. तिला काय माहीत."

माझ्या तोंडून ते असं भराभर आलं की मलाच नवल वाटलं. नागू विचार करत होता. सगळं कुठेतरी नीट बसत होतं त्याच्या डोक्यात, मला ते दिसत होतं. मग तो आईजवळ गेला, खाली बसला आणि तिचा कापणारा हात त्याने दोन्ही हातांत घेतला.

"म्हंजे हिचे हात," तो म्हणाला, "माज्या वाटचं खाऊन गेले?"

"हो," मी म्हणाले. हे मात्र खोटं नव्हतं.

"आई, मी तुला खायला लावलं," तो म्हणाला. "मला वाटलं, तू खाल्लंस म्हंजे त्यात न्हाई." आणि मग माझ्याकडे न बघता, "ऊठ. हितनं जा. पुन्हा चुलीपाशी आलीस तर बघ."

"नागू, ती न्हाई रं..." आई म्हणायला लागली.

"आई, गप," मी म्हणाले. इतक्या मोठ्याने मी तिच्यावर कधी ओरडले नव्हते.

मी बाहेर आले. ओसरीवर अण्णा उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी त्यांना म्हणाले, "त्याला सांगा, ताईने घातलेलं उतरवायची सुई साताऱ्याला मिळते. दोघांनी घ्यायला लागते म्हणा."

आणि नागूने सुई घेतली. धरायला चार गडी लागले नाहीत. तो आपण होऊन जीपमध्ये बसला, बाही वर केली आणि आधी आईला द्या म्हणाला. डॉक्टर शहाणे. त्यांनी आईला साधी शक्तीची सुई दिली, मग त्याला त्याची. महिन्याच्या महिन्याला दोघं मायलेकरं साताऱ्याला जायची. इस्पितळाचं नाव घरात पुन्हा निघालं नाही.

आईचे हात हळूहळू थांबले. पावसाळा सरेपर्यंत तिची भाकरी परत गोल झाली. मला हे ऐकून माहीत, कारण मला घरात जाता येत नव्हतं. मी गेले की नागू घराला लागूनच्या देवळाच्या पायरीवर येऊन उभा राहायचा, मी परतेपर्यंत तिथून हलायचा नाही. मग आई मला एसटी स्टँडवर भेटायला यायची. डबा आणायची. बाकड्यावर बसून मी तिच्या हातची भाकरी खायची आणि ती माझ्याकडे बघत बसायची.

"आता माजा घास त्यो आधी खातो," एकदा ती म्हणाली. "मला म्हणतो, आई, थांब, मी बघतो." आणि मग डोळ्याला पदर लावून, "शके, मी सांगते त्याला. माज्या हातानं घातलं म्हणून. तुज्या माथी का?"

"सांगितलंस तर तो पाणीसुद्धा पिणार नाही तुझ्या हातचं."

"आन तुजं?"

"माझं घर आहे कराडला," मी म्हणाले. खरं तर मला ओरडून सांगायचं होतं की मला माझा भाऊ पाहिजे. पण बस लागली होती.

अण्णा गेले, मग काही वर्षांनी आईही गेली. तिच्या दिवसांना मी मांडवाबाहेर बसले. आता देवळाची पूजा नागूच करतो. सुई अजून घेतो, आईने सांगून ठेवलंय म्हणून. केस पांढरे झालेत. स्वतः रांधतो, देवाला दाखवतो आणि एकटा जेवतो.

गेल्या भाऊबीजेला मी गेले. दरवर्षी जाते. पायरीखाली ताम्हण ठेवायचं, लांबूनच ओवाळायचं, लाडवाचा डबा ठेवायचा आणि यायचं. डब्याचं तो काय करतो मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी मी उठायला लागले तर तो पायऱ्या उतरून खाली आला. डबा उघडला. एक लाडू घेतला, मधोमध मोडला, दोन्ही अर्धुकं डोळ्यांपुढे धरून बघितली आणि एक माझ्यापुढे केलं.

"अर्धं तुजं," तो म्हणाला. "आधी तू."

मला काय झालं ते मी सांगू शकत नाही. आईच्या जागी मी बसले होते. मी ते अर्धुक घेतलं, तोंडात घातलं. एवढं गिळलं की झालं, मग तो खाईल, एवढंच मनात होतं. आणि नेमके माझे हात कापायला लागले. मी ते पदरात लपवायला गेले, पण नागूने बघितलं. तो माझ्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने आपला लाडू खाली ठेवला, माझ्याजवळ उकिडवा बसला आणि आपली ओंजळ माझ्या तोंडाखाली धरली.

"थुंक, ताई," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "थुंक ते. तुलाबी कुणीतरी घालतंय."

मी त्याच्या ओंजळीत थुंकले.